साडेचार मीटर

टॅग क्रमांक सातची नोंद अजून अर्धवटच आहे. 'एकूण अंतर' या रकान्यात आमच्या प्रमुख बाईंना आकडा हवाय आणि मी अडीच महिने टाळाटाळ करतेय.

दक्षिण टेक्ससमधल्या रँचवर आम्ही किसिंग बगच्या पाठीवर रेडिओ टॅग चिकटवतो आणि तो कुठे कुठे जातो ते शोधतो. किसिंग बग म्हणजे ढेकणाचा लांबचा, दांडगा नातेवाईक. इंचभर लांब, काळपट, पोटाच्या कडेला नारिंगी पट्टे. रात्री येऊन झोपलेल्याचं रक्त पितो. शागास रोगाचा परजीवी त्याच्या चाव्यात नसतो, विष्ठेत असतो. पिता पिता हा तिथेच हगतो, झोपेतला माणूस खाजवतो, झालं काम. कार्लोस शागास यांनी १९०९ साली ब्राझीलमध्ये हा रोग, त्याचा परजीवी आणि तो वाहणारा कीटक शोधला, पण विष्ठेची भानगड नंतर दुसऱ्यांनी दाखवली. वर्षानुवर्षं हृदय पोखरणारा रोग आहे, लस नाही. पैसा मात्र सगळा डासांकडे जातो.

मग डासांनाच का नाही लावत टॅग, असं प्रत्येक जण विचारतो. डास असतो दोन-अडीच मिलिग्रॅमचा आणि आमचा सगळ्यात छोटा टॅग दोनशेचा. किसिंग बगलाही तो हलका नाहीच. उपाशी कीटकाच्या पाठीवर ते जवळजवळ त्याच्याच वजनाचं दप्तर होतं.

टॅग चिकटवण्यात माझा हात धरणारं आमच्यात कुणी नाही, इथे मी विनय दाखवणार नाही. कीटक बर्फावर ठेवून सुस्त करायचा. डोक्यामागच्या ढालीसारख्या भागावर सुईच्या टोकाइतकाच सुपरग्लू टेकवायचा, कारण थेंब जास्त झाला तर ओघळून पंख कायमचे बंद. अँटेनाची तार मागे सरळ सोडायची, नाहीतर पायात अडकते. आणि गोंद वाळेपर्यंत श्वास रोखून बसायचं. आमचा तंत्रज्ञ चपलेचा तळ चिकटवावा तसा गोंद थापतो. सातव्या टॅगला मी त्याला हात लावू दिला नाही.

सात नंबरची मादी कुत्र्यांच्या खुराड्याजवळ, दिव्याखाली सापडली होती. सोडण्याआधी तिच्या विष्ठेचा थेंब तपासणीला पाठवला. अहवालाला आठवडा लागतो आणि टॅगची बॅटरी काही तेवढी थांबत नाही, म्हणून जिथे पकडली तिथेच, लाकडाच्या ढिगाखाली, रात्री सोडली. मालकांची परवानगी होती. म्हातारे गृहस्थ, शिकारी कुत्री पाळतात.

पहिल्या सकाळी ती पाण्याच्या टाकीच्या बुडाशी, फटीत होती. जवळ गेल्यावर मोठ्या अँटेनाचा काही उपयोग नसतो, सगळीकडूनच सारखी टिकटिक येते. मग अँटेना काढून रिसीव्हरचा गेन, म्हणजे संवेदनशीलता, पार खाली आणायचा आणि केबलचं उघडं टोक जमिनीवरून फिरवायचं. फटीवर टोक आलं की आवाज एकदम टणक होतो. टेपनं मोजलं, साडेचार मीटर. रात्रभर दप्तर ओढून एवढंच.

दुसऱ्या सकाळी सिग्नल घराच्या बाजूने, चाळीसेक मीटरवरून. माझे हातपाय गार. म्हणजे ती उडाली? पाठीवर टॅग घेऊन? मी तीन ठिकाणांहून दिशा घेतल्या, तर नकाशावर रेषा एकमेकींना छेदेचनात. तंत्रज्ञ म्हणाला, पत्र्यावरून सिग्नल उसळतोय. पत्रे आणि जाळीच्या कुंपणानं आम्हाला इतक्या वेळा फसवलंय की मीही मान डोलावली. पुन्हा दिशा घेतल्या, पुन्हा तोच गोंधळ. मग मी हलायचं थांबले, तर टिकटिक आपोआप वाढायला लागली. वाढत वाढत रिसीव्हर किंचाळायला लागला आणि कोपऱ्यावरून तपकिरी कुत्रा शेपूट हलवत आला आणि माझ्या बुटांवर बसला.

तंत्रज्ञ खाली बसून हसत सुटला. मीही हसले. आधी हसले, हे लिहायला हवं.

पशुवैद्यांना फोन केला. बॅटरीवर इपॉक्सीचं वेष्टण आहे म्हटल्यावर म्हणाले, लक्ष ठेवा, पडेल. दुसऱ्या संध्याकाळी हातमोजे चढवून, गेन खाली आणून, मी केबलचं टोक कुत्र्याच्या शीवर फिरवत होते. टॅग सापडला. तारेला गाठ बसली होती, टिकटिक मात्र जशीच्या तशी. खालच्या बाजूला गोंद, आणि गोंदाला मसुराएवढा काळा कवचाचा तुकडा अजून घट्ट चिकटलेला. माझं काम पक्कं होतं.

कुत्र्यांना हा रोग होतो तो बऱ्याचदा कीटक खाल्ल्यानेच. आठवड्याने विष्ठेचा अहवाल आला. मादीत परजीवी होता.

आता हे. खुराड्यातली कुत्री हे कीटक एरवीही खात असतील, पण मोकळी मादी रात्रीत फटीत शिरते, दडते. हिला मी दप्तर दिलं, वर मागे लोंबणारी तार दिली. ती सावकाश झाली म्हणून सापडली का? बाई म्हणतात, 'शिकार' असं लिही आणि पुढे चल. टॅग नसता तर शिकार झाली असती का, याला रकाना नाही. आणि सगळ्यात लागतं ते असं, की त्याच दिवशी कुत्र्याचं रक्त घेतलं असतं तर संसर्ग आधीचा की नंतरचा ते कळलं असतं. प्रतिपिंडं तयार व्हायला काही आठवडे लागतात. पण त्या दिवशी मी टॅगच्या मागे होते. महागडा टॅग परत मिळाला याचा मला आनंद झाला होता.

दोन महिन्यांनी रक्त घेतलं. पॉझिटिव्ह.

मालकांना सांगायला मी स्वतः गेले. कुत्र्यांसाठी मंजूर औषध नाही, हृदयावर लक्ष ठेवावं लागेल, सगळं सांगितलं. ते कुत्र्याचा कान चोळत ऐकत होते.

"तुम्ही लावलेल्या त्या यंत्रामुळे का?"

"सांगता येत नाही," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली आणि चहा घेणार का विचारलं. परत आल्यावर तक्ता उघडला. अंतराच्या रकान्यात चाळीस लिहायचे नाहीत, ते कुत्र्याचे आहेत. साडेचार लिहिलं, मग खोडलं. ते तरी तिचे पूर्ण कुठे होते?