सेमी-ऑटोच्या मागं लागलो आणि ब्रनो घेऊन आलो

आमच्या निपाणी भागात कुणी रायफल घेतोय म्हटलं की लोक पहिल्यांदा विचारतात, "कुणासंगं भानगड झालीय काय रे?" खेळायला घेतोय हे कुणाला पटतच नाही. २०२४ च्या ऑगस्टनंतर मात्र जरा सोपं झालं, कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ घेतलं आणि राधानगरी तालुका म्हणजे आमच्याकडनं काय लई लांब नाही, त्यामुळं आता "ते स्वप्नीलचं असतंय न्हवं, तसलं" एवढं बोललं की काम भागतं.

मला नाद लागला तो कॉलेजात, एनसीसीमुळं. पॉइंट टू टू (.२२ इंची बारक्या गोळीची रायफल) झोपून मारायची, पाच गोळ्या मिळायच्या आणि त्या पाचांचं ग्रुपिंग, म्हणजे भोकं किती जवळजवळ पडली ते, बघायला सगळी पोरं टार्गेटकडं पळायची. पुढं नोकरी, लग्न, वडिलांच्या मागं ऊस बघणं यात सगळं राहून गेलं. मधी एक एअर रायफल घेतली होती, ४.५ मिलिमीटरची आणि २० ज्यूलच्या आतली असली की लायसन्स लागत नाही, त्यामुळं गोठ्याच्या मागं दहा मीटर मोजून पुठ्ठ्यावर मारत बसायचो. ज्यांना नुसतं बघायचं आहे की आपल्याला हे जमतंय का, त्यांनी तिथंच सुरुवात करावी असं माझं स्पष्ट मत आहे, आणि बऱ्याच जणांचं तिथंच भागतंय पण.

माझं भागलं नाही त्याला कारण माझा आतेभाऊ. तो अमेरिकेत असतो, त्याच्याकडं रुगर टेन ट्वेंटी-टू आहे, पॉइंट टू टूचीच पण सेमी-ऑटो, म्हणजे दर गोळीला नुसता ट्रिगर ओढायचा, पुढची आपोआप भरते, १९६४ पासून निघतेय ती, दहा गोळ्यांचं गोल फिरणारं मॅगझिन खालनं आत बसतं, दिसत पण नाही. रविवारी सकाळी व्हॉट्सॲपवर व्हिडिओ येणार, टप टप टप टप, पाच-सहा पत्र्याच्या पट्ट्या एका दमात पडलेल्या. बघून बघून माझ्या डोक्यात पक्कं बसलं की घ्यायची तर सेमी-ऑटोच. मॉडेलं पण पाठ झाली, मार्लिन सिक्स्टीला नळीचं मॅगझिन, ब्राउनिंगची छोटी एसए ट्वेंटी-टू जी दोन तुकड्यात सुटते, सीझेडची ५१२. निपाणीत बसून ही यादी करण्यात एक वेगळीच मजा होती हे मान्य करतो.

मग एकदा त्यालाच फोन लावून नीट विचारलं, बाबा घेताना बघायचं काय. तो जे बोलला त्यानं माझा अर्धा विचार तिथंच फिरला. पॉइंट टू टूची सेमी-ऑटो चालते ती ब्लोबॅकवर, म्हणजे गोळी उडाली की त्याच दाबानं रिकामी केस (काडतुसाचं पितळी टरफल) मागं येते, बोल्टला (नळी मागनं बंद करणारा लोखंडी दांडा) मागं ढकलते, स्प्रिंग बोल्टला परत पुढं आणते आणि येताना तो पुढची गोळी चेंबरात, म्हणजे नळीतल्या गोळीच्या जागेत, घालतो. सगळा खेळ त्या काडतुसाच्या जोरावर. जोर कमी पडला, सबसोनिकसारखी (आवाजापेक्षा कमी वेगाची) मऊ गोळी असली, तर बऱ्याचदा बोल्ट पुरता मागं जात नाही आणि केस दारात उभी अडकते. त्यात पॉइंट टू टूची गोळी शिशाची, वरनं मेण नाहीतर ग्रीस लावलेलं, बारूदही घाण करतं, त्यामुळं साफसफाई चुकवून चालत नाही. "मी चार-पाच कंपन्यांच्या गोळ्या आणून मारून बघितल्या, हिला जी मानवली तिचीच पेटी घेतो" असं तो सहज बोलून गेला. आता आमच्याकडं चार-पाच कंपन्यांच्या गोळ्या कुठनं आणायच्या? लायसन्सवर वर्षाला किती आणि एका वेळी जवळ किती हे लिहिलेलं असतं, आणि दुकानात जी असेल ती घ्यायची. म्हणजे जी रायफल गोळ्यांच्या बाबतीत नखरेल ती अशा ठिकाणी घ्यायची जिथं गोळी निवडायची सोयच नाही. हे गणित मला काय जुळेना.

आणि कायदा तर वेगळाच. आपल्याकडं १९५९ चा आर्म्स ॲक्ट आणि त्याखालचे २०१६ चे आर्म्स रूल्स, त्याच्या शेड्यूलमध्ये हत्यारांचे गट पाडलेत. सेमी-ऑटोमॅटिक म्हटलं की ती वरच्या, रिस्ट्रिक्टेड गटात जाते, पिस्तुलांना त्यातनं बाहेर काढलंय पण रायफलला नाही, मग ती पॉइंट टू टूसारखी बारकी का असेना. त्या गटाचं लायसन्स जिल्ह्याच्या डीसींच्या (आमच्याकडचे जिल्हाधिकारी) हातात नाही, ते दिल्लीला गृहमंत्रालयाचं काम. गंमत बघा, कोल्हापूरच्या राही सरनोबतनं २०१८ च्या एशियन गेम्समध्ये २५ मीटर पिस्तूलचं गोल्ड घेतलं, त्या खेळात सेमी-ऑटो पिस्तूलच असतं. पण रायफलच्या ५० मीटरला एकेक गोळी हातानं भरायची, तिथं सेमी-ऑटो चालतच नाही. म्हणजे मी उद्या खरंच कॉम्पिटिशनला उभं राहायचं म्हटलं तरी ती रायफल माझ्या काही कामाची नव्हती. शिकारीचा तर प्रश्नच नाही, वन्यजीव कायद्यानं ते दार बंद आहे, आणि खानापूरकडं गवे-डुकरं शेतात येतात म्हणून कुणी बंदूक मागतं ते पीक संरक्षणाचं वेगळं प्रकरण.

एका ओळखीच्यानं मला सांगितलं की एका ठिकाणी जुनी सेमी-ऑटो पडून आहे, "बघ की, लायसन्सवर चढवून घेऊ कसंतरी." मी हात जोडले. असल्या गोष्टीत "कसंतरी" हा शब्द ऐकला की तिथनं उठायचं.

लायसन्सचा अर्ज आता ऑनलाइनच भरायचा, फॉर्म ए-वन, प्रत्येकाला एक युनिक नंबर पडतो. बरोबर आधार, पत्त्याचा पुरावा, फोटो, डॉक्टरांचं सर्टिफिकेट ज्यात डोकं ठिकाणावर आहे हे पण लिहून द्यावं लागतं (बायको म्हणाली, "ते तेवढं मला विचारा म्हणावं"), हत्यार हाताळायच्या ट्रेनिंगचं सर्टिफिकेट, आणि घरात ठेवणार कुठं त्याची हमी. कारणाच्या जागी मी "स्पोर्ट" लिहिलं आणि क्लबचं पत्र जोडलं. माझ्या मते सगळ्यात वजन त्याच पत्राला होतं. पोलिस व्हेरिफिकेशनला घरी आलेले हवालदार अथणीकडचे, कानडी बोलणारे, माझं कानडी बाजारापुरतं, तरी चहा पिता पिता मला म्हणाले "सर, नेम चांगला बसतो का तुमचा?" मी गोठ्यामागचे पुठ्ठे दाखवले. शेजाऱ्यांकडं पण चौकशी झाली, आणि त्यानंतर आठवडाभर गल्लीत सगळे मला जरा जास्तच नमस्कार घालत होते.

यात आम्हा सीमेवरच्यांची म्हणून जी खास अडचण आहे ती लायसन्सच्या एरियाची. आमचा जिल्हा बेळगाव, राज्य कर्नाटक, पण प्रॅक्टिसला जवळ पडतं कोल्हापूर, तिथं दुधाळीची रेंज आहे, तेजस्विनी सावंत, राही सगळ्या त्या मातीतल्या. निपाणीतनं बेळगावला जायचं म्हणजे कोल्हापूरच्या जवळजवळ दुप्पट अंतर. लायसन्सवर नुसता जिल्हा नाहीतर नुसतं राज्य लिहून आलं तर कोगनोळीचा नाका ओलांडून दूधगंगेच्या पलीकडं गेलं की तीच रायफल बेकायदा. त्यामुळं अर्जातच कारण देऊन एरिया वाढवून मागितला, प्रॅक्टिस कुठं करणार ते स्पष्ट लिहिलं. आपल्या भागातला जो कुणी अर्ज भरेल त्यानं ही ओळ विसरू नये, नंतर वाढवून घेण्यापेक्षा आधी मागितलेलं सोपं. निवडणूक लागली की पण तेच, आचारसंहितेत लायसन्सची हत्यारं ठाण्यात जमा करायला लावतात, रायफल असोसिएशनच्या मेंबर खेळाडूंना त्यात सूट आहे पण ते कागद जवळ पाहिजेत. आणि इथं दोन राज्यांच्या निवडणुका, आपली नसली तरी पलीकडच्यांची असते आणि नाक्यावर डिकी उघडतातच.

लायसन्स हातात आल्यावर मग खरी निवड. तीन गोष्टी समोर होत्या. एक इशापूरच्या सरकारी कारखान्याची पॉइंट थ्री वन फाइव्ह, बोल्ट ॲक्शन (दर गोळीला बोल्ट हातानं मागं-पुढं करायचा), भरवशाची. थ्री-नॉट-थ्री सरकारी फौजेची गोळी म्हणून सामान्य माणसाला बंद, त्यामुळं इंग्रजांच्या काळात ही थ्री-वन-फाइव्ह इकडं रुजली, काडतूस आपल्या खडकीचं मिळतं. पण खांद्याला धक्का चांगलाच बसतो, गोळी महाग, आणि ५० मीटरवर कागदाला भोकं पाडायला एवढी तोफ कशाला. आमच्या गल्लीतले सुभेदार काका, मराठा लाइट इन्फंट्रीतनं रिटायर झालेले, ते मात्र हटून बसले होते, "घेशील तर मर्दासारखी घे की, ते टिकल्या फोडायचं काय घेतोस?" दुसरी नवीन इशापूरचीच पॉइंट टू टू. आणि तिसरी अचानक समोर आली, बेळगावात कॅम्पातले एक रिटायर्ड मेजर, वय झालेलं, मुलं पुण्यात, त्यांच्याकडं जुनी ब्रनो मॉडेल टू. झेकोस्लोव्हाकियात बनलेली, पॉइंट टू टू, बोल्ट ॲक्शन, पाच गोळ्यांचं मॅगझिन. आपल्याकडं बाहेरची हत्यारं आणणं सामान्य माणसाला केव्हाच बंद झालंय, त्यामुळं असली रायफल मिळते ती अशीच, कुणाच्यातरी घरातनं.

मेजर काकांनी आधी माझी परीक्षा घेतली. रायफल हातात दिली आणि बघत बसले मी काय करतोय. मी तोंड जमिनीकडं ठेवलं, मॅगझिन काढलं, बोल्ट उघडला, चेंबरात डोकावून बघितलं. मग म्हणाले, "हं, बस आता." नंतर मी बोल्ट काढून मागनं नळीत बघितलं, पुढं पांढरा कागद धरून, आटे (नळीच्या आतले पीळ) स्वच्छ, गंजाचे खड्डे नाहीत. नळीचं टोक बघितलं, तिथं ठोकर लागलेली असली की गोळी वाकडी जाते. लाकडाला मुठीत धरतो त्या बारक्या जागी चीर आहे का, स्क्रूंची डोकी कुणी खराब केलीत का, नंबर लायसन्सशी जुळतो का. ट्रिगर रिकामा ओढून बघायचा मोह होतो पण रिमफायरमध्ये (पॉइंट टू टूसारखी, जिथं पिन काडतुसाच्या बुडाच्या कडेवर मारते) ते करू नये, आत काही नसलं की पिन चेंबरच्या कडेवर आपटते, त्यांनी स्वतःच एक फायर झालेली केस आत घालून दिली आणि मग ओढ म्हणाले. ट्रिगर असा सुटला की बस, मी तिथंच ठरवलं.

जुनी घेताना एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते, विकणाऱ्यानं जिल्हा मॅजिस्ट्रेटना नाहीतर जवळच्या ठाण्याला आधी लेखी कळवायचं आणि त्यानंतर ४५ दिवस जायला पाहिजेत, मगच हत्यार हातात द्यायचं. घाई असणाऱ्यानं नवीनच घ्यावी. मला घाई नव्हती, तोवर मी लोखंडी कपाट करून भिंतीत बोल्ट मारून घेतलं.

घरात बारकं पोरगं आहे, त्यामुळं बायकोची एकच अट होती की ती वस्तू घरात "जिवंत" असता कामा नये. इथं बोल्ट ॲक्शनचा जो फायदा झाला तो मी आधी धरलाच नव्हता. बोल्ट अख्खा उपसून निघतो, तो वरच्या लॉकरात, रायफल कपाटात, गोळ्या तिसऱ्याच ठिकाणी. बोल्टाशिवाय ती नुसती लाकूड आणि नळी. रेंजवर पण बोल्ट उघडा असला की लांबनं कुणालाही दिसतं रिकामी आहे म्हणून, आणि पुढची गोळी मी स्वतः आत ढकलल्याशिवाय जात नाही, नवख्या माणसाला ते बरं. सेमी-ऑटोत एक उडाली की दुसरी आपोआप तयार, बोट ट्रिगरवर राहिलं तर काय होईल सांगता येत नाही.

रेंजवर पहिले काही दिवस गोळ्या डावीकडं खाली जात होत्या, मागची साईट सरकवून ५० मीटरवर झीरो केली, म्हणजे नेम धरला तिथंच गोळी बसेल अशी केली. जुनी उघडी साईट आहे, मॅच रायफलसारखं बारीक भोकातनं बघायचं नाही, त्यामुळं स्वप्नीलचा खेळ खेळणाऱ्या पोरांशेजारी माझी रायफल म्हणजे जुनी राजदूत. त्यांच्या त्या जर्मन रायफलींची किंमत लाखांत, एकाला विचारली आणि गप्प बसलो. तरी झोपून मारताना पाच गोळ्या आता एका रुपयाच्या दोन नाण्यांखाली झाकतात, उभं राहून मारताना मात्र विचारू नका.

आतेभावाला फोटो पाठवला तर त्याचा लगेच फोन, "अरे ही ब्रनो कुठं मिळाली तुला, इथं लोक शोधत असतात." सुभेदार काकांना अजून ती टिकल्याचीच बंदूक वाटते, पण परवा स्वतःच विचारत होते रविवारी गाडीत जागा आहे काय म्हणून. सध्या गोळ्यांचं बघतोय, दुकानात विचारलं तर मालक म्हणतो "नाळे बर्री" (उद्या या), जे दोन डबे आहेत त्यातले अर्धे झीरो करण्यात गेले, आणि वर्षाचा कोटा धरून आता रविवारी पंचवीसच्या वर मारायच्या नाहीत असं ठरवलंय.