फ्युएल पंपाची अख्खी असेंब्ली नाही, नुसती मोटर बदलली

माझ्याकडे २००४ ची छोटी पेट्रोल हॅचबॅक आहे. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण टाकीतून इंजिनला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपाची एकोणीस वर्षं चाललेली मोटर गेली तर त्यात कंपनीला बोल लावण्यासारखं काही नाही, आणि त्या काळातल्या बऱ्याचशा एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला वेगळ्या इंजेक्टरने पेट्रोल देणाऱ्या) गाड्यांत हे काम थोड्याफार फरकाने असंच आहे. गाडी बाबांनी घेतलेली, २०१९ ला पंधरा वर्षं झाली तेव्हा आरटीओत पासिंग करून, ग्रीन टॅक्स भरून पाच वर्षांसाठी आरसी वाढवून घेतली. विकायची नाही हे घरात ठरलेलंच आहे.

मे २०२३ मधली गोष्ट. पुण्याहून साताऱ्याला चाललो होतो, दुपारचे दीड-दोन वाजलेले, मी, बायको आणि मागच्या सीटवर आई. साताऱ्याकडून पुण्याला येताना खंबाटकीला बोगदा होता पण जाताना तेव्हा घाट चढावाच लागायचा, आणि त्या चढावर दुसऱ्या गिअरमध्ये गाडी अशी आचके द्यायला लागली की जणू कुणी मागून धरून ओढतंय, एक्सलेटर पूर्ण दाबला तरी ताकद नाही, आणि एका वळणावर बंदच पडली. मागे ट्रक. हँडब्रेक ओढला, बायकोने उतरून चाकामागे दगड लावला. आई म्हणाली, "फडकं ओलं करून ठेव रे पंपावर." बाबांकडे आधी पद्मिनी होती, तिचा पंप इंजिनला बाहेरून बसवलेला असायचा, पडद्याचा, आणि उन्हाळ्यात घाटात तो तापून पेट्रोलची वाफ व्हायला लागली की बाबा थांबून त्यावर ओलं फडकं ठेवायचे, ते तिच्या डोक्यात. मी म्हटलं आई आता पंप पुढे नसतो, तू बसलीस तिथे खाली टाकीत असतो. त्यावर ती म्हणाली, "मग बरोबर आहे, शिरवळपासून माझ्या खालून आवाज येतोय, लांबून पिठाची गिरणी ऐकू यावी तसा."

खरं निदान तिथेच झालं होतं, मला ते कळायला पुढे पंधरा दिवस आणि २,८०० रुपये गेले.

वीस-पंचवीस मिनिटांनी गाडी थंड झाली आणि चालू झाली. साताऱ्यात पोचल्यावर टाकी भरली तर दोन दिवस काही त्रास नाही. परत पुण्यात आल्यावर रोज सकाळी स्टार्टर लांब मारावा लागायचा. पण एक लक्षात आलं, चावी ऑनला नेऊन दोन सेकंद थांबायचं, ऑफ करायची, परत ऑन, असं दोन-तीनदा केलं की लगेच स्टार्ट व्हायची. चावी ऑन केली की पंप दोन-तीन सेकंद फिरून लाइनमध्ये प्रेशर भरतो, तो एकदा फिरून पुरेसं भरत नव्हता म्हणून तीनदा फिरवावा लागत होता. तुमच्या जुन्या गाडीला असं होत असेल तर पंपाकडे संशयाने बघा.

एका गॅरेजवाल्याने हे सगळं ऐकून घेतलं आणि प्लग बदलले, थ्रॉटल बॉडी साफ केली, २,८०० घेतले. आठवड्याने परत तेच. मग एका मोठ्या वर्कशॉपमध्ये नेली, तिथे सांगितलं पंपाची पूर्ण असेंब्ली बदलावी लागेल, मजुरीसकट ९,४०० रुपये. असेंब्ली म्हणजे वरचं झाकण, प्लॅस्टिकचा कप, फ्लोट (टाकीत किती पेट्रोल आहे ते काट्याला कळवणारा तरंगता तुकडा), वायरिंग आणि त्यात मोटर. आता त्यातलं झाकण चांगलं, कप चांगला, फ्लोट चांगला कारण काटा बरोबर दाखवतोय, खराब आहे ती मुठीत मावेल एवढी मोटर, आणि ती बाजारात सुटी मिळते. हे मला साताऱ्याच्या गोडोलीतल्या एका जुन्या मिस्त्रींनी सांगितलं, बाबांच्या वेळेपासून आमची गाडी त्यांच्याकडे जाते. त्यांना फोन केला तर म्हणाले, "दादा, अख्खी असेंब्ली कशाला घेताय? आधी गाडी घेऊन या, मोटरच गेलीय का ते तरी बघू."

त्या रविवारी त्यांनी जे केलं ते नीट लिहितो, कारण माझे पैसे तिथेच वाचले. पहिलं म्हणजे फ्यूज काढून बघितला. मग पंपाचा रिले (पंपाला वीज सोडणारा स्विच) काढून तिथे पंख्याचा तसाच रिले लावून बघितला, फरक नाही. मग मागची सीट उचलली, पंपाच्या कनेक्टरवर मीटर लावला आणि मला स्टार्टर मारायला सांगितला, कारण नुसत्या चावीवर पंप दोन सेकंदच फिरतो, तेवढ्यात मीटर वाचून होत नाही. इंजिन चालू असताना १३ च्या वर व्होल्ट येत होते. ते म्हणाले इथे नऊ-दहा आले असते तर पंप नवा घालूनही गाडी अशीच रडली असती, दोष वायरीत किंवा अर्थिंगमध्ये असता. मग लाइनमध्ये प्रेशर गेज लावला. माझ्या गाडीला ३ बारच्या आसपास लागतं. सुरुवातीला २.४ दाखवलं, आणि इंजिन दहा मिनिटं चालू ठेवल्यावर काटा हळूहळू खाली येत १.९ वर. म्हणजे मोटर तापली की दमते. बाहेरचा फिल्टर बदलून परत बघितलं, १.९ च. तेव्हा कुठे ते म्हणाले, घ्या मोटर.

मोटर का गेली तेही सांगितलं त्यांनी, आणि ते मला आधी माहीत असतं तर बरं झालं असतं. ही मोटर पेट्रोलमध्ये बुडलेली असते, पेट्रोल तिच्या पोटातूनच जातं, तेच तिचं कूलंट आणि तेच तिचं वंगण. टाकी कायम रिझर्व्हला ठेवली की मोटर उघडी पडते, तापते, आणि टाकीच्या तळाचा गाळ ओढते. लॉकडाऊननंतर दोन-अडीच वर्षं मी ५०० रुपयांचं पेट्रोल टाकून गाडी फिरवत होतो, काटा कधी पावच्या वर गेलाच नाही. सीएनजीवाल्यांनी तर यात फार जपा, काही किटमध्ये गाडी गॅसवर चालत असतानाही पेट्रोलचा पंप फिरतच राहतो आणि टाकीत असतं दोन लिटर. आईने मध्येच विचारलं, पेट्रोलमध्ये विजेची मोटर, मग पेट कसा घेत नाही? टाकीत पेट्रोलची वाफ इतकी दाट असते की जळायला लागते तेवढी हवाच तिला मिळत नाही, म्हणून. पण झाकण उघडलं की हवा मिळते, त्यामुळे पुढचा भाग लक्ष देऊन वाचा.

मोटर पुण्यात नाना पेठेतून आणली. तिथे जाताना जुना नग किंवा निदान त्याचा फोटो आणि त्यावरचा नंबर न्या, नुसतं गाडीचं नाव सांगून चालत नाही, एकाच मॉडेलमध्ये दोन वर्षांत मोटर बदललेली असते. ६५० ला पण एक दाखवली, हातात घेतली तर हलकी, आणि खोक्यावरची छपाई पुसट, ती ठेवून दिली. १,४५० ची घेतली, बिलासकट. खालची जाळी १५०, झाकणाखालची रबर रिंग १८०. जुनी जाळी आणि जुनी रिंग परत घालू नका, पेट्रोलमध्ये फुगलेली रिंग एकदा काढली की परत तिच्या खाचेत बसत नाही. स्क्रॅपवाल्याकडून मोटर अजिबात घेऊ नका. झाकण किंवा कप तुटला असेल तर तो तिथून घ्या, पण वापरलेली मोटर किती चाललीय ते कुणालाच माहीत नसतं, आणि ती किती महिने कोरडी पडून आहे तेही नाही.

काम गावच्या घराच्या अंगणात केलं, मिस्त्री शेजारी खुर्ची टाकून बसले होते आणि हात माझे. गाडी मोकळ्यावर हवी, पार्किंगच्या बेसमेंटमध्ये हे काम करू नये, पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती वर जात नाही, जमिनीलगत पसरून राहते, आणि लांबच्या स्विचची ठिणगीही तिला पुरते. टाकी पावच्या खाली होती तेव्हाच काम काढलं. इंजिन चालू ठेवून पंपाचा फ्यूज काढला, इंजिन आपोआप बंद पडलं म्हणजे लाइनमधलं प्रेशर उतरलं, मग बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली. मागची सीट काढली, तिच्याखाली पत्र्याचं झाकण, चार स्क्रू. ते उघडल्यावर आत एकोणीस वर्षांची धूळ बसलेली, चक्क बोटभर थर. इथे घाई करायची नाही, आधी ब्रशने आणि मग ओल्या फडक्याने सगळं स्वच्छ पुसून घ्यायचं, नाहीतर पंप वर काढला की ती सगळी माती सरळ टाकीत. पंपाचं झाकण कुठल्या दिशेला बसलंय त्याची मार्करने खूण केली. ते झाकण आवळून धरणारी लोखंडी रिंग घट्ट होती, मी हातोडी आणि स्क्रू ड्रायव्हर उचलला तर मिस्त्री ओरडलेच, लोखंडावर लोखंड नको, आणि आईचं लाटणं मागवलं. लाटण्याचं टोक लावून हळूहळू ठोकत रिंग फिरवली. (आईला दुसऱ्या दिवशी नवीन लाटणं आणून दिलं.)

असेंब्ली वर काढताना तिरकी करत काढायची, फ्लोटची तार वाकली तर काटा कायमचा चुकीचा दाखवतो. कपाच्या तळाला लालसर काळा चिखल होता, आणि जाळी चहाच्या जुन्या गाळणीसारखी काळी पडून पार गच्च झालेली. मोटर काढताना वायरींचा प्लस-मायनस लिहून ठेवला, उलटी जोडली तर मोटर फिरते पण उलटी, आणि प्रेशर शून्य. नवीन मोटर, नवीन जाळी, मोटर आणि झाकणाच्या मधला चार इंचांचा रबरी पाइप कडक झाला होता म्हणून तोही नवा. मिस्त्री तेवढ्यात जेवायला गेले होते आणि मी कोपऱ्यावरच्या दुकानातून पेट्रोलचा पाइप म्हणून ४० रुपयांचा तुकडा आणला, स्क्रूच्या पट्टीने आवळला. सगळं बसवलं, चावी पाच वेळा ऑन-ऑफ, सीट न बसवता गाडी चालू करून झाकणाभोवती ओल दिसते का, वास येतो का बघितलं. पहिल्या सेल्फला स्टार्ट, गेज ३.१. फार आनंद झाला होता.

तीन आठवड्यांनी कात्रजच्या चढाला गाडी परत आचके द्यायला लागली. मला वाटलं मोटर डुप्लिकेट निघाली. परत सगळं उघडलं, तर मोटर ठणठणीत आणि तो ४० चा पाइप बाहेरून फुगून मऊ, भिजलेल्या पोह्यासारखा, बोटाने दाबला तर खड्डा पडत होता, आणि पट्टीच्या कडेला दोन सेंटिमीटर चीर. मोटर जोरात पेट्रोल ढकलत होती आणि ते त्या चिरेतून परत टाकीतच पडत होतं. बाहेरून एक थेंब गळती दिसणार नाही, कारण गळती टाकीच्या आत.

तर हे मला सगळ्यात कळकळीने सांगायचंय. साधा पेट्रोल पाइप आतून पेट्रोल सोसतो, बाहेरून नाही. टाकीत बुडवायचा पाइप वेगळा असतो, त्यावर एसएई जे३० आर१० असं छापलेलं असतं. आर७, आर९ हे बोनेटखाली वापरायचे, ते टाकीत घालू नका, कितीही चांगल्या कंपनीचे असले तरी. त्यात आता पेट्रोलमध्ये इथेनॉल वाढलंय, २०२३ पासून ई२० पण यायला लागलं, त्यात जुनं आणि हलकं रबर अजून लवकर जातं. नाना पेठेत चार दुकानं फिरल्यावर आर१० चा फूटभर तुकडा २२० ला मिळाला, आणि स्क्रूच्या पट्टीऐवजी इंजेक्शनच्या गाड्यांत वापरतात त्या गोल क्लिपा दोन, ६० रुपये. त्या पाइपला चहूबाजूंनी सारख्या दाबतात, कापत नाहीत. मोटर तीच ठेवली.

चाळीसचा पाइप आणि बाहेरचा फिल्टर सोडला तर सामानाचा हिशोब २,०६० रुपये झाला. मिस्त्री पैसे घेत नव्हते, आईने त्यांच्या घरी आंब्याची पेटी पाठवली.

जुनी मोटर मी बाहेर आठवडाभर वाळवून हॅकसॉने कापली. कार्बनचे ब्रश झिजून जेमतेम दोन मिलिमीटर उरले होते, आणि ज्या तांब्यावर ते घासतात त्यावर नखाला लागेल एवढी खाच पडलेली. खंबाटकीत थंड झाल्यावर ती परत कशी चालू झाली याचंच नवल वाटतं. नंतर मिस्त्रींनी सांगितलं की अशी मोटर रस्त्यात अडकली तर टाकीला खालून रबरी हातोडीने किंवा चपलेने दोन-तीन दणके द्यायचे, ब्रश सरकून जागेवर बसतात आणि घरापर्यंत पोचता येतं. तेवढंच, त्यावर महिना काढायचा नाही.

त्यानंतर टाकी पावच्या खाली जाऊ देत नाही. दिवाळीला खंबाटकी चढलो, एसी चालू ठेवून, तिसऱ्या गिअरमध्ये. आईने घाटात खिडकी लावून घ्यायला सांगितली, सीटवर हात ठेवून बसली होती, ऐकत. वरती पोचल्यावर म्हणाली नाही येत आवाज. २०२४ ला पासिंग परत करून घेतलं. गेज सध्या शेजाऱ्याकडे आहे, त्याच्या २००६ च्या गाडीला सकाळी लांब सेल्फ मारावा लागतोय म्हणून नेलाय, परत आला की इंजिन बंद केल्यावर माझ्या गाडीचं प्रेशर किती वेळ टिकतं ते एकदा बघायचंय.