पोह्यांवरून गुणोत्तर

सहावीला गुणोत्तर शिकवायला इंदूरमध्ये पोह्यांसारखं साधन नाही. वर्गात वजनकाटा आणा. 100 ग्रॅम कोरडे पोहे तोला, धुऊन चाळणीत निथळत ठेवा, 10 मिनिटांनी पुन्हा तोला. वाढलेलं वजन म्हणजे पाणी. कोरडे आणि भिजलेले यांचं गुणोत्तर मुलांनीच काढायचं.

गल्लत पुढे होते. प्लेटमधले पोहे भिजलेले, दुकानातला भाव कोरड्यांचा. तो भाव थेट प्लेटच्या वजनाला लावला की खर्च फुगतो. शेव वेगळी तोलायची, जिरावन (पोह्यांवर भुरभुरायचा इंदुरी मसाला) चिमूटभर म्हणून सोडलं तरी चालेल. निथळायला घाई केली की गटागटाची उत्तरं जुळत नाहीत. जुळवू नका, भांडू द्या!

घरी मराठी आणि शाळेत हिंदी असलेल्यांसाठी फळ्यावर ‘गुणोत्तर’शेजारी ‘अनुपात’ही लिहा.