डावी बाजू काळीच

रोबोटनं करायच्या ऑपरेशनमध्ये नर्स म्हणून माझं पहिलं काम अगदी साधं असतं. आयसीजी (इंडोसायनिन ग्रीन) या डायच्या बाटलीतल्या २५ मिलिग्रॅम हिरव्या पुडीत २० मिलिलिटर स्टराइल वॉटर घालायचं. सलाइन नाही, हे नव्या मुलींना मी दोनदा बजावते. आयोडीनची ॲलर्जी फाइलमध्ये वाचलेली असली तरी पेशंटला पुन्हा विचारतेच.

डाय तशी जुनीच, १९५९ पासूनची. तेव्हा ती हृदयाचं आणि यकृताचं काम मोजायला वापरायचे. गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरमध्ये ती गर्भाशयाच्या मुखाशी, घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी टोचतात. तिथून ती लिम्फच्या वाटेनं त्या त्या बाजूच्या पहिल्या नोडपर्यंत, म्हणजे लिम्फच्या गाठीपर्यंत, जाते. कॅन्सर पसरायला लागला तर बहुधा आधी तिथंच पोचतो, म्हणून तेवढाच काढून तपासायचा. सरसकट सगळे काढले की काहीजणींचे पाय सुजतात, आणि ती सूज मग सहजासहजी पाठ सोडत नाही.

परवा आमच्या सर्जन मॅडमनी कन्सोलवरून फायरफ्लाय, म्हणजे डाय चमकताना दाखवणारा कॅमेऱ्याचा मोड, लावला. स्क्रीन राखाडी झाली आणि उजवीकडे मोठ्या रक्तवाहिनीच्या कडेनं हिरवी रेघ उमटली, टोकाला टपोरा दाणा. डावीकडे मिट्ट काळोख.

"म्हणजे डावीकडे कॅन्सर नाही ना?" नव्या मुलीनं हळूच विचारलं. नाही गं बाई! काळं म्हणजे कळलंच नाही. कधीकधी तर नोड कॅन्सरनं भरल्यामुळेच डाय आत शिरत नाही.

मॅडमनी डावीकडे पुन्हा टोचायला सांगितलं. रोबोट डॉक झालेला, म्हणजे त्याचे हात पेशंटला जोडलेले, असताना खालून सुई घालायची म्हणजे असिस्टंटची कसरतच. थांबलो, पाहिलं. तरी काही नाही. मग नियमाप्रमाणे त्या एका बाजूचे नोड साध्या उजेडात सोडवून काढले, तिथून मांडीकडे जाणारी ऑब्च्युरेटर नर्व्ह जपत. ओपन सर्जरीत बोटांनी चाचपता यायचं. आमच्या रोबोटला स्पर्शच नाही, सगळी भिस्त डोळ्यांवर.

असं होणं फार विरळा नाही. याच कॅन्सरवरच्या २०१७ च्या फायर्स नावाच्या अभ्यासात दोन्ही बाजूंचा नोड जेमतेम निम्म्या बायकांत सापडला होता. पण जिथं सापडला तिथं भरवशाचा ठरला: नोडमध्ये कॅन्सर असलेल्या ३६ जणींपैकी ३५ जणींचा त्यानंच दाखवला.

मला खरी धास्ती लेबलांची. उजवा सेंटिनल, म्हणजे तो हिरवा दिसलेला पहिला नोड, वेगळ्या डबीत, कारण लॅबमध्ये त्याचे फार पातळ काप करून बारकाईनं बघतात. तो बाकीच्यांत मिसळला तर एवढा खटाटोप पाण्यात. मी डबीवर लिहिते, मोठ्यानं वाचते, मॅडम "हो" म्हणाल्या की मगच झाकण.

दुसऱ्या दिवशी वॉर्डात पेशंटनं विचारलं, "सिस्टर, हिरवं दिसलं का?"

"उजवीकडे छान दिसलं," मी म्हटलं. "डावीकडचं मॅडम राउंडला सांगतील."

ती म्हणाली, "म्हणजे नाही दिसलं. फॉर्मवर सही घेताना म्हणाल्या होत्या त्या, असं होऊ शकतं."