पेतॅयॅवेसीचे जुने लाकडी चर्च

फिनलंडमधील पेतॅयॅवेसी या गावचे जुने लुथरन (प्रोटेस्टंट पंथाचे) चर्च नव्यासाठी मागे पडले आणि त्यामुळेच ते वाचले, असे माझे मत तेथे दोन तास घालवल्यावर झाले. 1763 ते 1765 या काळात, फिनलंड स्वीडनच्या राज्यात असताना, याक्को क्लेमेतिनपोइका लेप्पॅनेन या सुताराने गावकऱ्यांच्या साथीने ते उभारले. जागा दोन तळ्यांमधल्या चिंचोळ्या भूभागावरची निवडली होती, कारण उन्हाळ्यात लोक होडीने आणि हिवाळ्यात गोठलेल्या पाण्यावरून येत. प्रवचनपीठाचा भार खांद्यावर पेलणारी संत क्रिस्तोफरची लाकडी मूर्ती पाहताना हे आठवले. वाटसरूंना नदीपार नेणारा हा संत येथे अगदी योग्य जागी उभा आहे.

बांधणी पाइनच्या ओंडक्यांची, आराखडा समान भुजांच्या क्रुसाचा आणि मधोमध अष्टकोनी घुमट. दगडी चर्चमध्ये शोभणारी ही कल्पना खेड्यातल्या सुताराने केवळ लाकडात उतरवली, हे आढ्याकडे मान वर करून पाहिल्याशिवाय पटत नाही. भिंतींना रंग नाही. अडीचशे वर्षांत लाकूड आपसूक मधाच्या रंगाचे झाले आहे. घंटाघर 1821 मध्ये त्याच्याच नातवाने, एर्क्की लेप्पॅनेनने, जोडले.

1879 मध्ये पाण्यापलीकडे नवे चर्च झाले आणि जुने वापरातून गेले. दफनभूमी व घंटाघर मात्र वापरात राहिल्याने ते पाडले गेले नाही, आणि वापर नसल्याने आत कोणी सुधारणाही केली नाही. 1920च्या दशकात ऑस्ट्रियन कलेतिहासकार योझेफ स्ट्झिगोव्स्की यांनी त्याचे मोल ओळखले व दुरुस्ती सुरू झाली. 1994 मध्ये ते युनेस्कोच्या जागतिक वारशात आले.

जाणाऱ्यांनी प्रथम युवॅस्क्युलॅ हे शहर गाठावे. तेथून पेतॅयॅवेसी पश्चिमेला सुमारे 35 किलोमीटर आहे. रेल्वे आणि बस दोन्ही आहेत, परंतु फेऱ्या मोजक्या असल्याने परतीची वेळ आधीच टिपून ठेवावी. मी तसे केले नाही आणि स्थानकावर बराच वेळ बसून राहिलो. चर्च मुख्यतः उन्हाळ्यात उघडे असते, आत जाण्यास शुल्क आहे, आणि येथे लग्ने होत असल्याने शनिवारी जाण्यापूर्वी चौकशी करावी. आत तापवण्याची सोय नसल्याने जुलैमध्येही स्वेटर हवाच, आणि तळ्याकाठच्या डासांसाठी मलम.