ती भिंतीवरची बोट कुणाची?

खुर्ची पॉलिशला टाकायला आलेलं गिऱ्हाईक भिंतीवरचा फोटो बघतं आणि हमखास विचारतं, "काका, ही बोट कुणाची? आणि इथे कशाला?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. बोट इटलीतल्या रिवा कंपनीची, मॉडेल आक्वारामा. श्रीमंतांचं खेळणं, कबूल. ब्रिजित बार्दो, सोफिया लोरेन वगैरे सिनेनट्यांनी मिरवलेलं. मी फोटो लावलाय तो लाकडासाठी.

उत्तर इटलीत इझेओ सरोवराच्या काठी सार्निको नावाचं गाव आहे. 1842 साली वादळात तिथल्या कोळ्यांच्या होड्यांची पार वाताहत झाली. पिएत्रो रिवा या कारागिराने त्या दुरुस्त करून दिल्या आणि त्याचं बस्तान बसलं. म्हणजे मूळ धंदा आमचाच, मोडलेलं नीट करायचा. पुढे मुलगा एर्नेस्तोने बोटींना इंजिनं बसवली, नातू सेराफिनोला शर्यतींचा नाद लागला. पणतू कार्लो मात्र वेगळ्या मातीचा. बापाला एकेक बोट सुटी घडवायची हौस, पोराला एकाच मॉडेलच्या अनेक काढायच्या होत्या. दोघांची जुंपायची. शेवटी पोराचंच खरं झालं, 1962 साली आक्वारामा आली.

आता फोटो जरा जवळून बघा. महोगनीचे पातळ थर एकमेकांना चिकटवून बाक दिलाय, त्यावर व्हार्निशचे वीसेक हात. एक हात द्या, वाळू द्या, पॉलिश पेपर मारा, धूळ पुसा, की पुन्हा हात. मध्ये एक माशी बसली तरी तो हात फुकट. आमच्याकडे तिसऱ्या हातालाच "झालं का?" म्हणून फोन येतो! फेरुचियो लाम्बोर्गिनीने 1968 साली आपल्या आक्वारामात स्वतःच्या मोटारींची दोन व्ही-12 (बारा सिलिंडरची) इंजिनं बसवून घेतली होती. लोक त्याचंच कौतुक करतात. इंजिन काय, बदलता येतं.

1969 साली कार्लोने कंपनी एका अमेरिकन उद्योगाला विकली. त्याच सुमारास लाकडाच्या जागी फायबर आलं, 1996 साली शेवटची आक्वारामा निघाली. 2000 पासून रिवा फेरेत्ती या बोटी बनवणाऱ्या समूहाकडे आहे आणि त्या समूहात 2012 पासून चिनी पैसा. आता 50 मीटरची जहाजंही काढतात. काढोत बापडे, मला त्यात पॉलिशला काही दिसत नाही. जुन्या आक्वारामा मात्र अजून दुरुस्तीला येतात, आणि मालक व्हार्निशच्या बिलाला कुरकुर करत असतील असं वाटत नाही. एकेकीची किंमत लाखो युरोत आहे.