तारेविना ट्राम, आणि तिचा वैरी पाणी

सोलापुरात कुणी ट्रामचा विषय काढलाच, तर पहिला प्रश्न ठरलेला: संक्रांतीला सिद्धेश्वर यात्रेतले मानाचे सात उंच नंदीध्वज ट्रामच्या वीजतारांखालून न्यायचे कसे? प्रश्न रास्त आहे. फ्रान्समधल्या बोर्दोलाही जुन्या भागात तारा नकोच होत्या. तिथं कारण होतं दगडी इमारतींची शोभा.

1958 मध्ये ट्राम मोडीत काढलेल्या या शहरानं 2003 च्या डिसेंबरात ती परत आणली आणि जुन्या भागात वीज जमिनीतून दिली. दोन रुळांच्या मधोमध, रस्त्याला सपाट अशी तिसरी पट्टी असते. तिचा 8 मीटरचा तुकडा वीजवाहक, पुढचे 3 मीटर निर्वीज, पुन्हा 8. रस्त्यात पुरलेला वीज चालू-बंद करणारा एक डबा असे दोन तुकडे सांभाळतो. ट्रामकडून सांकेतिक रेडिओ संदेश आला, तरच तो 750 व्होल्ट सोडतो. गाडी 33 किंवा 44 मीटर लांब, त्यामुळे चालू तुकडा कायम तिच्या पोटाखाली झाकलेला. मागेपुढे पाय पडला तरी धक्का नाही. वीज घेणारे शू दोन असतात. एक निर्वीज भागावर असताना दुसऱ्याला वीज मिळते.

कागदावर हे झकास. पण सुरुवातीला गाड्या वारंवार अडल्या, आणि त्यामागचं एक मोठं कारण होतं या पुरलेल्या डब्यांत शिरणारं पाणी. डब्यात बिघाड झाला की त्याचे तुकडे बंदच ठेवायचे, असा नियम. सुरक्षेसाठी तो बरोबरच आहे. मेलेला तुकडा ओलांडायला गाडीत बॅटरी असते, पण ती थोड्या अंतरापुरतीच. रुळांवर पाणी साचलं तर वीज थेट रुळांकडे गळते. म्हणून पट्टीइतकाच तिच्याकडेच्या निचऱ्याला मान.

आपल्याकडे पाऊस कमी, पण येतो तेव्हा धो धो, आणि गटारं वर्षभराच्या धुळीनं आधीच भरलेली. शिवाय ही पद्धत तारांपेक्षा कितीतरी महाग. मिरवणुकीच्या वाटेपुरताच प्रश्न असेल, तर 2007 मध्ये फ्रान्समधल्याच नीस शहरानं केलं ते जास्त जमेल. तिथं मासेना चौकाआधी पेंटोग्राफ, म्हणजे तारेतून वीज घेणारा छतावरचा सांगाडा, खाली घ्यायचा, चौक बॅटरीवर ओलांडायचा, पलीकडे पुन्हा तारेला लावायचा. फक्त सोलापूरचा मे महिना धरून बॅटरीला गारवा देणारी यंत्रणा दणकट हवी.